रामनाथच्या जबड्यातला स्क्रू

मी एक स्क्रू आहे. लाकडात किंवा लोखंडात बसणारा नव्हे, माणसाच्या हाडात बसणारा. शिरगावच्या रामनाथ चुरीच्या वरच्या जबड्यात, अगदी समोरच्या रांगेत, मी गेली सहा वर्षं मुक्कामाला आहे. इथून मला दिसत काही नाही. ऐकू मात्र सगळं येतं. माणसाचं हाड आवाज फार चांगला पोचवतं. त्याने पुटपुटलेलंही माझ्यापासून लपत नाही.

माझा जन्म एका दूरच्या, थंड देशातल्या कारखान्यात झाला. टायटॅनियमच्या दांड्यातून मला लेथवर कापलं, अंगावर आटे पाडले, धुऊन-पुसून काचेच्या नळीत बंद केलं. तिथले कामगार हातात मोजे घातल्याशिवाय मला उचलत नसत. मला वाटायचं, सगळ्या जगात स्क्रूला असंच जपतात. पालघरला आल्यावर हा गैरसमज फिटला.

पालघर स्टेशनजवळ डॉक्टर दमयंती सावे यांचा दवाखाना होता. हे काम त्या मुंबईत शिकून आल्या होत्या. त्यांच्या कपाटात मी चार महिने पडून होतो, कारण दातासाठी हाडात स्क्रू बसवून घेईल असा माणूसच त्या भागात मिळेना. लोक चौकशी करायचे, मला बघायचे आणि चपला पायात सरकवायचे.

रामनाथ आला तो १९९३ सालच्या मे महिन्यात. बोईसरच्या एका कारखान्यात तो टर्नर होता, वीस वर्षं लेथवर उभा राहिलेला. बाकीचे मला बघून पळत. हा म्हणाला, "आधी तो स्क्रू दाखवा."

नळी उजेडात धरून त्याने मला भिंगातून किती वेळ न्याहाळलं. आटे बरे पाडलेत, एवढं त्याने कबूल केलं. पण धातू टायटॅनियमच कशावरून? डॉक्टरांनी कागद दाखवला. कागद कुणीही छापतो, असं म्हणून त्याने खिशातून लोहचुंबक काढलं. मी चिकटलो नाही. तरी त्याचं समाधान झालं नाही. "पितळबी चिकटत नाय," तो म्हणाला.

इतका संशय होता, तर आला कशाला? त्याचं कारण मला हळूहळू कळत गेलं.

त्या वर्षीची संक्रांत होऊन आठच दिवस झाले होते. कारखान्यात ग्राइंडरचा दगड फिरता फिरता फुटला. नवशा नावाचा मदतनीस त्यावर लोखंड घासत होता. एक तुकडा त्याच्या उजव्या डोळ्यात घुसला. बाजूला उभ्या रामनाथच्या तोंडावर दुसरा बसला आणि त्याचा समोरचा दात मुळापासून मोडला. नवशाचा डोळा गेला. त्याने संरक्षक चष्मा लावला नव्हता, चूक त्याचीच, असं कारखान्याने लिहून टाकलं आणि त्याला मनोरच्या पुढे त्याच्या पाड्यावर घरी पाठवलं.

रामनाथला मात्र शेठने केबिनमध्ये बोलावलं. खुर्चीवर बसवलं. वीस वर्षांत त्या केबिनमधली खुर्ची रामनाथने पहिल्यांदाच अनुभवली. शेठने चहाचा कप स्वतः पुढे सरकवला आणि सांगितलं, माझ्या आईचे दात जिथे केले तिथेच तुझा दात करू, अगदी नव्या पद्धतीचा, कायमचा. खर्चाची काळजी तू करू नकोस.

रामनाथने चहा प्यायला, पण तेव्हापासून त्याची झोप उडाली. शेठ नवशाला एक दिवसाची रजा भरून देत नाही आणि मला कायमचा दात देतो, ते का? हे तो घरी बायकोला, जयवंतीला, दहा वेळा विचारायचा. जयवंती म्हणायची, नको असंल तर नाय म्हणा. नाही म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती. चारचौघांत बोलताना तो तोंडावर हात धरायला लागला होता.

डॉक्टरबाईंनी त्याला काही लपवून ठेवलं नाही. मोडलेलं मूळ आधीच काढलं होतं. तीन महिन्यांत जखम भरली होती. आता भूल देऊन हिरडी उघडायची, हाडात हळूहळू भोक पाडायचं, मला फिरवून बसवायचं आणि वरून टाके घालायचे. दुखणार नाही, पण डोकं हादरल्यासारखं वाटेल. तीन दिवस ओठ सुजेल. पेज, मऊ भात, ताक. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. विडी बंद, एकसुद्धा नाही. मग सहा महिने थांबायचं आणि त्यानंतर वर दाताची कॅप बसवायची. तोवर दिसायला एक काढता-घालता येणारा दात पट्टीवर बसवून देऊ.

"सहा महिने?" रामनाथने विचारलं. "आमी लोखंडात बोल्ट बसवला की त्याच दिवशी मशीन चालू करतो."

"तुमचा बोल्ट लोखंडात बसतो," डॉक्टर म्हणाल्या. "हा जिवंत हाडात बसतो. हाडानं त्याला धरायला हवं. नाही धरलं तर काढावा लागेल. तसंही होतं कधी कधी."

हे शेवटचं वाक्य ऐकून त्याला उलट थोडा धीर आला. खोटं बोलणारा माणूस असं कशाला सांगेल? पण घरी पोचेपर्यंत त्याने त्यातही खोट काढली. उद्या काही बिघडलं तर हात झटकायला आधीच बोलून ठेवलंय, असं त्याने जयवंतीला सांगितलं.

मला बसवलं तो गुरुवार होता. भोक पाडताना तो खुर्चीचे हात घट्ट धरून आवाज ऐकत होता. मध्येच त्याने बोट वर केलं आणि भूल दिलेल्या ओठांनी कसंबसं विचारलं, पाणी चालू आहे ना, ड्रिल तापेल. डॉक्टर हसल्या आणि पाणी चालू असल्याचं दाखवलं. मग मी आत गेलो. फिरत, एकेक आटा धरत. वर हिरडी मिटली आणि माझ्यापुरता अंधार झाला.

ओठ सुजला, तीन दिवसांत उतरला. आठव्या दिवशी टाके निघाले. शेजारच्या नर्मदाकाकूंनी जयवंतीला सांगितलं की असला खिळा हळूहळू मेंदूकडे सरकतो. तेव्हापासून जयवंती रोज सकाळी नवऱ्याला डोकं दुखतं का म्हणून विचारायची. रामनाथ तिच्यावर चिडायचा आणि परसात जाऊन, कुणी बघत नाही असं पाहून, अंगठ्याने मला दाबून बघायचा. मी जागेवर आहे ना, याची त्याला रोज खात्री लागे. हाडही मला असंच चाचपत होतं. ते हळूहळू माझ्या आट्यांत शिरत होतं, पण घाई त्याला मुळीच नव्हती.

पावसाळा संपताना नवशाची बायको कमळी कामगारांच्या युनियनच्या ऑफिसात गेली. तिने तक्रार लिहवून घेतली. कारखान्यांची तपासणी करणारे सरकारी अधिकारी ऑक्टोबरात चौकशीला येणार, असं ठरलं. आणि बरोबर तेव्हाच सुपरवायझर प्रताप रामनाथच्या लेथपाशी येऊन दाताची चौकशी करू लागला. कॅप कधी बसणार? नोव्हेंबरात? वा, म्हणजे चौकशी उरकल्यावर लगेच.

"तुला कुणी खोटं बोल म्हणत नाही," प्रताप एकदा म्हणाला. "गार्डचं विचारलं तर आठवत नाही म्हण. इतकंच. माणसाला सगळं थोडंच आठवतं?"

गार्ड म्हणजे फिरत्या दगडावरचं लोखंडी झाकण, दगड फुटला तर तुकडे अडवणारं. रामनाथच्या तोंडाला कोरड पडली. मला ती वरून जाणवली. त्या गुरुवारी त्याने पालघर गाठलं आणि डॉक्टरबाईंना उभ्या उभ्या विचारलं, "हे सहा महिने हाडाचे का शेठचे?"

डॉक्टरांना आधी काही कळलंच नाही. त्याने सगळं सांगितल्यावर त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "हाड शेठला ओळखत नाही. सहा महिने हाडाचेच."

"आनि शेठनं सांगितलं की कॅप बसवू नका, तर?"

त्यांनी सरळ सांगितलं की कॅप बाहेरून बनवून घ्यावी लागते, शेठने हात आखडला तर ती स्वतःच्या खिशातून करणं त्यांना जमणार नाही. "पण जे हाडात बसलंय ते बसलंय. ते कुणाच्या सांगण्यावरून मी काढणार नाही."

दुसऱ्या दिवशी कारखान्याची शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी होती. जयवंती ओटीवर वाडीतल्या विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत होती. रामनाथ तिच्यासमोर बसला. तो बोलला ते इतक्या हळू, की तिला वाकावं लागलं. मला मात्र स्पष्ट ऐकू आलं.

"दगडावरचं गार्ड मी काढलं."

प्रतापनं सांगितलं होतं, घासायचं लोखंड लांब आहे, गार्ड आडवं येतं, काढ. वीस वर्षांच्या टर्नरला कळत होतं की उघडा दगड चालवायचा नसतो. तरी त्याने नट सोडले, गार्ड कोपऱ्यात ठेवलं आणि नवशाला कामावर उभं केलं. तेव्हापासून तो धातूवर संशय घेत होता, कागदावर, डॉक्टरांवर, शेठच्या चहावर. मी पाच महिने त्याच्या हाडात होतो आणि हे मला त्या दिवशी कळलं.

जयवंतीने हातातली जुडी खाली ठेवली. "मागच्या बाजारात कमळी दिसली," ती म्हणाली. "माझ्याकडं बघत व्हती. मी तोंड फिरवून पुढं गेले. तुमी सांगितलं नव्हतं, पन माझ्या मनात तेच येत व्हतं."

"सांगितलं तर काम जाईल."

"जाईल," ती म्हणाली आणि पुन्हा जुड्या बांधायला लागली. तेवढंच. तिने ना समजूत घातली ना दोष दिला.

चौकशी कारखान्याच्याच ऑफिसात झाली. शेठ, प्रताप, अधिकारी, त्यांचा कारकून. एका बाजूला नवशा आणि कमळी. आत जाण्याआधी रामनाथने पट्टीवरचा दात काढून रुमालात गुंडाळला. तो शेठने दिलेला होता. हिरडीवर गार हवा लागली, तेव्हा मला समजलं की आज हा तोंड उघडणार.

अधिकाऱ्यांनी विचारलं, दगडावर गार्ड होतं का? रामनाथ बोलला, पण समोरच्या फटीतून शब्दांची शीळ झाली आणि कारकुनाला काही लिहिता आलं नाही. पुन्हा सांगा, ते म्हणाले. कुणीतरी हसलं. सगळ्यात अवघड वाक्य रामनाथला दोनदा म्हणावं लागलं.

"गार्ड नव्हतं. प्रतापनं काढायला सांगितलं. काढलं मी. पाना माझ्या हातात व्हता."

बाहेर आल्यावर तो नवशापुढे उभा राहिला. माफी मागायची होती. नवशाने एका डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं.

"मना ठाव व्हता, भाऊ," नवशा म्हणाला. "पाना तुला मीच दिला ना."

"मंग इतके दिवस बोलला का नाय?"

"तू बोलतो का, ते बघत व्हतो."

एवढं बोलून तो कमळीबरोबर फाटकाकडे चालायला लागला. रामनाथच्या पाठीवर त्याने हात ठेवला नाही, की शिवीही दिली नाही. त्या बोलण्यात माफी होती की नव्हती, यावर रामनाथ आजही विचार करतो.

नवशाला भरपाई मिळायला दीड वर्ष लागलं, पण मिळाली. रामनाथची नोकरी महिन्याभरात गेली. त्याच्याही नावावर ठपका आलाच आणि त्याने तो नाकारला नाही. पुढे सफाळ्याला एका छोट्या वर्कशॉपमध्ये त्याला लेथवर काम मिळालं. तिथे पहिल्याच दिवशी त्याने ग्राइंडरच्या गार्डचे नट तपासले. मालकाला वाटलं, माणूस फार शंकेखोर दिसतो.

माझ्यावर कॅप बसली नाही. तीन वर्षं मी हिरडीखाली तसाच राहिलो. रामनाथ त्या फटीसकट हसायला, भांडायला आणि लग्नाच्या जेवणावळीत बसायला शिकला. तोंडावर हात धरायचं कधी सोडून दिलं, ते त्यालाही आठवत नाही.

१९९६ साली तो स्वतःच्या कमाईवर कॅप बसवून घ्यायला पुन्हा पालघरला गेला. डॉक्टरबाईंनी हिरडी उघडली, आरशाच्या दांड्याने मला हलकेच ठोकलं. माझा आवाज खणखणीत आला. हाडाने मला पुरतं धरलं होतं. रामनाथने विचारलं, इतक्या वर्षांत आत गंज तर नाही ना चढला? नाही, डॉक्टर म्हणाल्या. तर तो म्हणाला, तुमी बघून सांगताय की असंच? त्यांनी छोटा आरसा त्याच्या हातात दिला आणि त्यालाच बघायला लावलं.

घरी येऊन तो जयवंतीला म्हणाला, "खालचा स्क्रू शेठचा, वरची कॅप माझी. दात कुनाचा म्हनायचा?"

"तोंड तुमचं हाय ना," ती म्हणाली.

आता मी भाकरी तोडतो, वालाचे दाणे फोडतो आणि शिरगावच्या वाऱ्यात रामनाथच्या बोलण्याची शीळ माझ्यामुळे बंद झाली आहे. अंगठ्याने दाबून बघायची सवय मात्र रामनाथने सोडलेली नाही. मी हललो नाही, तरी उद्या हलणार नाही याची खात्री काय, असं त्याला वाटतं. मी त्याला दोष देत नाही.

माझी एकच विनंती आहे आणि ती त्याच्या मुलाबाळांना आहे. मी जळत नाही. उशिरा येवो, पण कधीतरी तो दिवस येईल आणि राख वेचताना तुमच्या बोटांना मी लागेन. चितेच्या लाकडातला खिळा असेल, असं समजून मला बाजूला टाकू नका. कुणाचा हा स्क्रू, असं कुणी विचारलं तर शेठचं नाव घेऊ नका. बापाचा आहे म्हणा, आणि त्याच्या हाडांबरोबर समुद्रात सोडा.