दोन रेघांचा माणूस

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे आणि मध्यंतरी माझा जीव अगदी कावला होता. काळा दगड तासून, लाकडी चौकट ठोकून मला घडवलं. सोलापुरात इमामसाबांनी माझ्यावर बाराखडी गिरवली. पुढं त्यांच्या लेकीनं, नाजनीननं, उर्दू आणि मराठी दोन्ही गिरवलं. तिचं अक्षर इतकं सुबक, की बाई मला उंच धरून वर्गाला दाखवायच्या. तेव्हा मी काय मिरवले! मग वह्या आल्या, मोबाइल आले, आणि मी पिठाच्या डब्यावरचं झाकण झाले.

नाजनीन नर्स झाली. जपानला जाऊन वृद्धांची शुश्रूषा करायचं तिनं मनावर घेतलं. त्यासाठी जपानीची परीक्षा होती. खाडाखोडीनं वह्या भरल्या, तेव्हा तिला माझी आठवण झाली. मला आनंद झाला, पण तो टिकला नाही.

जपानीत 'माणूस' म्हणजे दोनच रेघा: 人. आधी वरून डावीकडं उतरणारी लांब रेघ, मग तिच्या कुशीतून उजवीकडं निघणारी दुसरी. एवढंच! पण नाजनीन उजवी रेघ आधी ओढायची, तीही लांबलचक, आणि डावी तिला खालून चिकटवायची. पुसायची आणि पुन्हा तेच! मला हात असते तर मीच लिहून दाखवलं असतं.

जपानीच्या क्लासच्या सोमशेखर सरांनी मला बघून कपाळावर हात मारला.

"अहो नाजनीन, हे माणूस न्हाय, हे 'आत शिरणं' झालं की! 入!"

"सर, दोन्ही सारखंच दिसतंय की!"

"तुमाला दिसतंय. जपानी माणसाला न्हाय."

घरी तिच्या आईचा, जमीलाअम्मींचा पाराही चढलेलाच. "एक आदमी लिखने नै आता, चली जपानकू! इस बार फेल हुई तो बस. यहीच दवाखाने में नौकरी कर."

नाजनीननं रागानं मला आपटलं. चौकटीचा कोपरा उडाला. इमामसाबांनी मला उचललं. "पाटीकू काहेकू मारती गे? उसने क्या किया?"

ती ओशाळली. सकाळी सगळ्यांच्या आधी क्लासला गेली आणि मला सरांपुढं ठेवून म्हणाली, "सर, अक्षर नको. तुमचा हात दाखवा."

आजवर ती मोबाइलवरचं तयार अक्षर बघून उतरवत होती. ते हातानं काढतात कसं, हे तिनं पाहिलंच नव्हतं. सर सावकाश लिहीत गेले, ती बघत राहिली. मग तिनं पेन्सिल घेतली. डावी रेघ आधी. वरून खाली. माझ्या अंगावर पहिल्यांदा नीट माणूस उभा राहिला!

ती पास झाली. निघण्याच्या दिवशी तिनं माझ्यावर मोठं 人 काढलं आणि मला फळीवर उभं केलं. मित्रांनो, पाटी आपटू नका. आणि शिकणाऱ्याचं चुकलं तर हसू नका, त्याला हात दाखवा.

हे मी जमीलाअम्मींनाही सांगितलं असतं. पण परवा शेजारच्या मायाक्का आल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ह्यो काय तंबू काडलाय व्हय?"

"आदमी है," अम्मी म्हणाल्या.

मायाक्कांनी अम्मींच्या परातीतल्या पिठात बोटानं काढून पाहिलं. उजवी रेघ आधी.

"अगे, बायीं पहले!" अम्मी करवादल्या, आणि त्यांचं बोट धरून त्यांनी ते डावीकडं नेलं.