हौदावरचं वाळवण

मी निळी बोलतेय. निपाणीत चिकोडी रस्त्याला एका तंबाखूच्या व्यापाऱ्याचा बंगला आहे. त्याच्या मागच्या अंगणात पोहायचा हौद आहे, त्या हौदावरची मी चादर. किल्ली फिरवली की आपोआप सरकणारी. आता सरकत नाही. ते पुढे येईलच.

जन्म परदेशातला. तो मला आठवत नाही, आणि आठवून करायचं काय? एकोणीसशे ब्याऐंशीत उपेंद्र मालकांनी मला बोटीनं मागवलं. हौदाच्या एका टोकाला पेटी, पेटीत लोखंडी रूळ, रुळावर मी गुंडाळलेली. हौदाच्या दोन्ही कडांना खाचा आणि त्या खाचांतून मला ओढणारे दोर. पहिल्या दिवशी अर्धी निपाणी बघायला लोटली. नारळ फोडला. माझ्या अंगावर हळदकुंकू वाहिलं. त्याचा डाग अजून आहे.

निपाणीच्या हवेतच तंबाखू. वखारीत भुकटी उडते आणि गावभर बसते, माझ्यावरही. मला पुसायला मालकांच्या बायकोनं, सरोजिनीबाईंनी, तानीबाईला ठेवलं.

तानीबाई आधी वखारीत तंबाखू चाळायची. भुकटी छातीत बसली, खोकला लागला. डॉक्टरनं सांगितलं, वखार सोड, नाहीतर जग सोड. म्हणून ती माझ्याकडे आली.

हात चांगला होता तिचा. आधी माझ्यावर साचलेलं पाणी काढायची, मग मऊ केरसुणी, मग साबणाचं पातळ पाणी, मग फडकं. शेवटी रबरी नळी लावून दोन्ही खाचा धुवायची. ओली असताना मला गुंडाळू द्यायची नाही, बुरशी धरते म्हणून. "सुकू दे गं निळे, घाई काय हाय? तुला काय नांदायला जायचंय?" म्हणायची. निळी हे नाव तिनंच ठेवलं.

मालकांच्या आई, थोरल्या बाई, यांच्या डोळ्यांत मी खुपायची. एवढी सपाट, चांगली तापणारी, लखलखीत जागा, आणि रिकामी! चैत्रात संकेश्वरी मिरचीची पोती आली की त्यांना राहवायचं नाही.

"तानी, ह्यावर मिरच्या पसर."

"न्हाय जमायचं, थोरल्या बाई. देठ खाचंत गेला तर निळी अडकंल."

"अगं, चादर आहे का राजाची गादी?"

"मग गादीवर मिरच्या वाळवत्यात व्हय?"

थोरल्या बाई पोती मोजायला आत गेल्या. विसरल्या मात्र नाहीत.

पंच्याऐंशी साली चौदा एप्रिलला तानीबाईनं सुट्टी घेतली. वस्तीत जयंतीची मिरवणूक होती. आदल्या दिवशी खाचा धुऊनच गेली. थोरल्या बाईंनी तोच दिवस साधला. कडेला बसून टोपलीवर टोपली माझ्यावर ओतली, लांब दांड्याच्या झाडूनं मधे ढकलली. मी लालभडक झाले.

दुपारी आभाळ भरून आलं. वळवाचे टपोरे थेंब.

"सरोजिनी, मिरच्या भिजल्या गं! ओढ ती चादर आत!"

पेटीवर पत्र्याचं छप्पर होतं. चादर आत आली की मिरच्याही आयत्याच छपराखाली येतील, असा थोरल्या बाईंचा हिशेब. सरोजिनीबाईंनी किल्ली फिरवली.

मिरच्या रुळाखाली चेपल्या. देठ आणि बिया खाचांत घुसल्या. डावा दोर अडकला, उजवा ओढतच राहिला. मी तिरकी झाले, कड फाटली, दोर तुटला. दुखलं का? नाही. मी प्लॅस्टिकची.

सासूसुनांनी ठसकत, शिंकत मिरच्या गोळा केल्या. पाण्यात पडलेल्या गाळणीनं काढल्या. संध्याकाळी मालक आले.

"तानी खाचा न धुताच गेली," थोरल्या बाई म्हणाल्या.

मालकांनी बायकोकडे पाहिलं. तिनं जमिनीकडे पाहिलं. झालं.

सकाळी तानीबाई आली. सगळं ऐकून घेतलं. खाली बसली आणि खाचेतून एक देठ उपसून तळहातावर धरला.

"वैनी, ह्यो देठ कुनाचा? तुमाला ठावं हाय. मला परत वखारीत घालू नगा."

सरोजिनीबाई आत गेल्या आणि एक चांगलं लुगडं घेऊन आल्या.

"लुगडं ऱ्हाऊ द्या, वैनी. मालकास्नी एक शबुद बोला."

सरोजिनीबाईंनी लुगडं तिच्या हातात कोंबलं. तानीबाईनं घडी न मोडता लुगडं माझ्या पेटीवर ठेवलं आणि गेली. यंत्र मोडणारी म्हणून पुढे तिला कुठल्याच घरानं दारात उभं केलं नाही. ती पुन्हा वखारीत.

बेळगावच्या कॅम्पातून एक मिस्त्री येऊन बघून गेला. दोर परदेशातूनच यायला हवा म्हणाला. तो आला नाही. तेव्हापासून मी अर्ध्या हौदावर तिरकी पडून आहे. पाणी हिरवं झालंय, बेडूक आहेत. माझ्यावर भुकटीचा थर बसलाय, आणि त्यावर पाऊस पडून तो वाळलाय. मला काही वाटत नाही. वाटायला कुणी पुसावं तरी लागतं.

थोरल्या बाई सत्त्याऐंशी साली गेल्या. आता सरोजिनीबाई रोज उन्हं उतरली की हौदाच्या काठाला येऊन बसतात. इकडेतिकडे बघतात आणि हळूच म्हणतात, "मिरच्या आमच्या होत्या."

म्हणतात, पण मला.

त्याच वेळी वखार सुटते. बायका आमच्या भिंतीपलीकडून घरी जातात. त्यांतला एक खोकला मी ओळखते. सरोजिनीबाईही ओळखतात, कारण तो ऐकला की त्यांचे ओठ मिटतात.

बाई, मला सांगून काय उपयोग? मी ऐकते, पण कुणाला सांगणार? भिंतीला दार आहे, त्याची कडी तुमच्याच बाजूला आहे. खोकला ऐकू येतोय तोवर उघडा.