बावखलापलीकडचं देणं

पेल्यावरच्या विणलेल्या झाकणाचा एक मणी तुटला होता, आणि तेवढ्या बाजूने जाळी वाऱ्यासरशी उचलली जात होती, पुन्हा खाली बसत होती — सकाळपासून अनसूयाबाईंचे लक्ष तिथेच जात होते. समोरची उमेदवार काय बोलते आहे त्यापेक्षा तिच्यासाठी ठेवलेल्या पाण्यात माशी पडेल की काय, हीच काळजी मोठी होऊन बसली होती. त्यांच्या डोक्यावर, भिंतीतल्या संगमरवरी पाटीवर, तीन नावे कोरलेली होती. काशिनाथ — ज्यांनी आगाशीच्या रेताड जमिनीत पहिली पानवेल लावली. त्यांचे रामचंद्र — ज्यांनी वाडीला पाणी पुरवणाऱ्या खोल तळ्याला, बावखलाला, दगडी पायऱ्या बांधल्या. आणि रामचंद्रांचे एकनाथ, अनसूयाबाईंचे सासरे, ज्यांनी सुकेळी साठवण्यासाठी ही वखार उभारली. चौथे नाव पाटीवर नव्हते. ते पाटीखालच्या खुर्चीत बसले होते. स्वराज्य आले त्या वर्षी वखारीतली सुकेळी हलवून तिथे बाळंतिणींच्या खाटा मांडल्या त्या ह्या चौथ्या नावाने. पण भिंतींमधून उन्हाच्या वेळी अजूनही वाळलेल्या केळ्यांचा गोड, आंबूस वास सुटत असे, आणि तो जावा असे अनसूयाबाईंना कधी वाटले नव्हते.

आधीची मेट्रन लग्न करून नागपूरला गेली होती. नवी हवी होती, आणि आजच हवी होती.

“वडील, आजा, पणजा — तिघांची नावं सांगा.”

प्रत्येकीला त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला. सून आणताना, गडी ठेवताना, वाडी खंडाने देताना त्या हेच विचारत आल्या होत्या. तीन पिढ्या सांगता येत नाहीत त्याच्या हातात आपली वस्तू द्यायची नाही, हे त्यांनी कुणाकडून शिकले नव्हते, ते त्यांच्या अंगातच होते.

“बाई,” डॉक्टर वॉल्टर चष्म्याच्या काचा पुसत म्हणाले, “आपण मेट्रन निवडतोय. सोयरीक नाही.”

नरहरी — त्यांचा धाकटा, आता ह्या संस्थेचा चिटणीस — कागदात तोंड घालून हसला. पस्तीस वर्षांचा घोडा झाला तरी हसू लपवायची रीत तीच, हनुवटी गळ्यात खुपसून.

“सोयरिकीत फसलं तर एक घर बुडतं, डॉक्टर. इथे फसलं तर किती, ते तुम्हीच सांगा,” त्या म्हणाल्या, आणि डॉक्टर पुन्हा काचा पुसू लागले. आपलेच खरे झाले ह्याचेही समाधान वाटले नाही. आज कशाचेच वाटत नव्हते.

पहिली, प्रमोदिनी म्हणून, दादरहून आली होती. प्रशस्तिपत्रे रेशमी फितीत बांधलेली, उत्तरे बिनचूक, पण प्रत्येक उत्तर डॉक्टरांकडे पाहून. अनसूयाबाई जणू त्या खोलीतले एखादे कपाट होत्या. राहायच्या खोलीला स्वतंत्र मोरी आहे का, असे तिने दोनदा विचारले. आहे, त्या म्हणाल्या, आणि मनातल्या मनात तिला दादरला परत पाठवून दिले. दुसरी मथुरा, कामणकडची, दवाखान्यात पुष्कळ वर्षे काढलेली, हात कामाचे, नजर खाली. ही चालेल असे वाटले — क्षणभर खरेच वाटले — आणि म्हणून अनसूयाबाईंनी तिला तो प्रश्न विचारला.

“आमच्यात बाळंतिणीला रात्री पाणी देत नाहीत. मी म्हटलं, देऊ नका, तर?”

“आपण म्हणाल तसं, बाईसाहेब.”

“ती पाणी-पाणी करत असली तरी?”

“आपलीच संस्था. आपण म्हणाल तसं.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. आयुष्यभर अनसूयाबाईंनी ह्याच तीन शब्दांसाठी माणसे वळवली होती, वाकवली होती, प्रसंगी घराबाहेर काढली होती... आणि आज ते शब्द कुणीतरी ताटात वाढून पुढे ठेवले, तर ते उष्ट्यासारखे का वाटावेत? त्यांनी तिला नमस्कार केला. तिला कळलेही नाही की आपण कुठे चुकलो.

“मग पाहिजे तरी कशी तुला, आई?” नरहरी म्हणाला. “बोलणारी नको, न बोलणारी नको.”

“तू नावं पुकार.”

पाहिजे तरी कशी? — मला पाहिजे माझ्यासारखी; आणि माझ्यासारखी मला माझ्या घरात चालायची नाही... हा विचार इतका स्वच्छ आला की त्या दचकल्या, आणि पदर सावरण्याच्या निमित्ताने मान फिरवून बसल्या.

तिसरी आत आली ती न विचारता बसली. पांढरी साडी, खांद्याशी टाचलेले घड्याळ, पायांत चामड्याच्या चपला. लूर्डस. मुंबईच्या इस्पितळात शिकलेली, लढाईच्या काळात पुण्याला जखमी शिपायांचा वॉर्ड सांभाळलेली. पाण्याच्या प्रश्नाला तिने जराही वेळ लावला नाही.

“उकळलेलं पाणी देईन, मोठ्याबाई. तुम्ही अडवायला दारात उभ्या राहिलात, तर बसायला स्टूल देईन आणि तुम्हालाही पेलाभर देईन.”

डॉक्टर मोठ्याने हसले. नरहरीने ह्या वेळी हनुवटीही लपवली नाही.

“आणि माझी एक अट आहे,” लूर्डस म्हणाली. “औषधांच्या कपाटाची किल्ली मेट्रनकडे हवी. दुसऱ्या कुणाकडे नको.”

किल्ली अनसूयाबाईंच्या कमरेला होती, सगळ्यांना दिसत होती. गेल्या कार्तिकात त्या निर्मळच्या जत्रेला गेल्या असताना एक बाळंतीण वाहू लागली, रक्त थांबवायचे इंजेक्शन कपाटात, कपाटाला कुलूप... शेवटी डॉक्टरांनी कुलूप दगडाने फोडले, बाई वाचली, आणि दुसऱ्या दिवशी अनसूयाबाईंनी नवे कुलूप आणवले. डॉक्टर त्यावर एक अक्षर बोलले नव्हते. आता ते त्या किल्लीकडे पाहत होते, आणि न बोलता जे बोलत होते ते खोलीभर ऐकू येत होते.

संताप चढला की अनसूयाबाईंचा आवाज बारीक होत असे.

“वडील, आजा, पणजा?”

“वडील मायकल. लवकर गेले. आजा-पणजा मला ठाऊक नाहीत. आईचं विचाराल तर सांगते — कतरीन. तुमच्याच बावखलापलीकडची.”

जाळी उचलली, बसली. कतरीन... आणि मग खोलीतला केळ्यांचा वास एकदम जुना झाला, वखार पुन्हा वखार झाली, आणि माजघरात खाटेवर पडलेल्या त्या — तापाने डोळे उघडत नाहीत, घरोघर मानमोडीची साथ, स्मशानातली लाकडे संपलेली — त्या पडल्या होत्या आणि कुठेतरी मूल रडत होते, त्यांचे मूल, काही महिन्यांचे, आणि त्यांचे दूध आटले होते. रडणे रोज दिवेलागणीला थांबत असे. का थांबते, हे त्यांना उठून बसता आल्यावर कळले. सासूबाई मुलाला पदराखाली घेऊन वाडीच्या मागच्या कुंपणातून बावखलाच्या काठाने पलीकडे जात, किरिस्तावाच्या घरी, जिथे ओली बाळंतीण होती. सोवळ्याओवळ्याचा कडक अंमल असलेल्या सासूबाई. त्यांनी एवढेच सांगितले : “गोष्ट तोंडातून काढायची नाही. देणं मनातून काढायचं नाही.”

आणि अनसूयाबाईंनी ते फेडायचा यत्न केला नव्हता असे नाही. नवे तांदूळ निघाले की टोपली पलीकडे जाई, पहिली सुकेळी बांधली की जाई, लुगडेही एकदा गेले. पण दिलेले भांडे रिकामे परत करायचे नाही ही रीत बावखलाच्या दोन्ही काठांवर सारखीच. टोपली परत येई ती तोंडल्यांनी भरून, अबोलीच्या वेण्या घेऊन, कधी नुसत्या लिंबांनी जड होऊन. जेवढे दिले तेवढे परत. देणे तसूभरही उतरले नाही. चार पावसाळ्यांमागे कतरीन गेली तेव्हा त्या किरिस्तावांच्या देवळाच्या फाटकापर्यंत गेल्या होत्या, आत गेल्या नव्हत्या. आणि परतताना त्यांना दुःखापेक्षा राग आला होता — फेडून न घेता गेली, ह्याचा.

“नरहरी, डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “जरा पडवीत बसा.”

दार लोटले गेले. समोर कतरीनची मुलगी. तिच्या वाटणीचे दूध... त्यांनी त्या वाक्याला पुरे होऊ दिले नाही. मनाने मात्र पटापट मांडामांड केली : किल्ली मागते आहे ना, घे. हरले म्हणून नव्हे, डॉक्टर बघताहेत म्हणून नव्हे. देणेकरीण म्हणून, माझ्या हाताने, वरून खाली. छाती हलकी झाली. सबंध दिवसात पहिल्यांदा.

“जागा तुझी,” त्या म्हणाल्या. अहो-जाहो आपोआप गळून पडले. “तुझ्या आईचं मी देणं लागते. ते आज फिटेल.”

लूर्डसने त्यांच्याकडे नीट पाहिले. “कसलं देणं? दुधाचं?”

“तुला ठाऊक आहे?”

“आमच्या घरात हसून सांगायचे ते, मोठ्याबाई. पण ते तर केव्हाच फिटलं.”

“कुणी फेडलं?”

“नरहरीशेटनं.” ती हसली; हसताना कतरीनसारखीच, एका गालाने. “चालायला लागल्यावर यायचे की कुंपणातून. मला नाही आठवत, आई सांगायची. दोन वर्षांचे होऊन गेले तरी बोलत नव्हते ना? एक दिवस आई भात सडत होती, तर तिचा गुडघा धरून म्हणाले, ‘आय’. पहिलंच बोलणं. मी पण तेव्हा धड बोलत नव्हते. आई म्हणायची, तेवढ्यात माझं समदं पोचलं, आता त्या घराकडून माझं काय नाय.”

जाळी, पेला, कडेने ओघळणारा थेंब.

“म्हणून सांगते,” लूर्डस उठत म्हणाली, आणि आवाज पुन्हा मेट्रनचा झाला, “जागा द्यायची तर माझं काम बघून द्या. आईच्या नावानं नको. मला मग रोज तुमच्याशी भांडता यायचं नाही. मी बाहेर आहे.”

ती गेली. अनसूयाबाई बसून राहिल्या. दोन वर्षे — त्या दोन वर्षांत मुलगा मुका निघणार म्हणून त्यांनी किती सोमवार निर्जळी काढले होते, जीवदानीचा डोंगर अनवाणी किती वेळा चढल्या होत्या. आणि मग चैत्रात, तुळशीपाशी, त्याने त्यांच्याकडे वळून ‘आई’ म्हटले, आणि त्यांनी वाडीत घरोघर साखर वाटली. स्वतः, हातात ताट घेऊन. बावखलापलीकडेही. कतरीन उंबऱ्यात उभी होती. “बोलला?” तिने विचारले होते. “बोलला,” मी म्हटले. मी! — आणि तिने माझ्या ताटातली साखर उचलून जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि एक शब्द बोलली नाही.

म्हणजे तो शब्द वापरून आलेला होता. माझ्याच घरचे नाणे, मला न विचारता, माझ्या नकळत पलीकडे मोजून दिले गेले, आणि मी एवढी वर्षे टोपल्या पाठवत राहिले, आणि ती टोपल्या परत करत राहिली — कारण तिचे काही येणे उरलेच नव्हते.

राग कुणावर धरावा ते कळेना. मेलेल्या बाईवर? दोन वर्षांच्या पोरावर? त्यांनी सवयीने आत कुठेतरी ते देणे चाचपून पाहिले, जीभ जशी पडलेल्या दाताच्या जागी जाते तशी; तिथे काही नव्हते. एवढी वर्षे ज्याच्या ओझ्याने मान ताठ राहिली होती ते ओझेच नव्हते. आता ह्या मुलीला मोठेपणाने काही देता येत नव्हते आणि मोठेपणाने काही नाकारताही येत नव्हते. राहिला होता तो नुसता साधा, कोरडा प्रश्न — ही बाई ह्या कामाची आहे की नाही — आणि त्याचे उत्तर त्यांना पाण्याच्या उत्तरापासूनच माहीत होते, म्हणूनच तर तो विचारावासा वाटत नव्हता.

“आई,” पडवीतून नरहरीने हाक मारली, “ठरलं का?”

किती सहज म्हणतो. त्यांनी ती हाक ऐकली — एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नुसती ऐकली, ती आपलीच आहे असे मनात न मोजता — आणि ओ देता देता कमरेची किल्ली सोडवू लागल्या. फिटले होते. पूर्ण फिटले होते. कुणाचे काहीही उरले नव्हते.