सात नंबरची खिडकी

"आमच्या बसच्या रेडिएटरचं पाणी यापेक्षा बरं लागतं," क्लिफने तोंड वाकडं करून पेला खाली ठेवला. बाथ गावातल्या औषधी झऱ्याचं ते कोमट, लोखंडी चवीचं पाणी.

"तू प्यायलायस वाटतं?" त्याच्या बायकोने, एनिडने, विचारलं.

"एक्केचाळीस वर्षं डेपोत गाड्यांखाली आडवा होतो. काय काय तोंडात गेलंय, ते नको विचारूस."

"पी मुकाट्याने. दुखणी पळतात म्हणे याने."

क्लिफने पेला पुन्हा उचलला आणि तळापर्यंत रिकामा केला. मला तिथे उभं राहवेना. आमच्या गावाहून, किडरमिन्स्टरहून, दर जूनमध्ये आमच्या मंडळाची सहल निघते आणि यादी माझ्याकडे असते. सकाळी गाडीत चढतानाच त्याने मला बाजूला घेतलं होतं.

"विनी, डॉक्टरांनी नाताळपर्यंतची मुदत दिलीय. एनिडला माहीत नाही. आज सांगतो. घरी मी तोंड उघडलं, की ही उठून चहाची किटली चढवते."

दुपारी अर्धचंद्रासारख्या वळलेल्या त्या लांबलचक इमारतीसमोर हिरवळीवर दोघं डबा उघडून बसली. मी जरा मागे बसले, पण कान तिकडेच होते. आम्हा इंग्रजांना हवेबद्दल विचारा, तासभर बोलू. मरणाचं नाव काढलं की दातखीळ बसते.

"एनिड, ऐक ना—"

"सँडविचमध्ये लोणचं जास्त झालंय का?"

"नाही. झकास झालंय."

संपलं. तिने थर्मासातला उरलेला चहा शेवटच्या थेंबापर्यंत त्याच्या कपात ओतला. मला दोघांचाही राग आला.

परतीच्या वाटेवर पुढच्या वर्षीची यादी फिरते. जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या. सात नंबरची खिडकी क्लिफची, आणि तिच्यावरून दर वर्षी दोघांची तणतण. एनिडने पेन घेतलं.

"सात-आठ. नेहमीचंच ना?"

"खिडकी या वेळी तुझ्या नावावर लिही."

"तुला बाहेर बघितल्याशिवाय चैन पडतं का?"

"बघितलं गं सगळं."

पेन थांबलं. एनिडने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग सातपुढे क्लिफचं नाव लिहिलं, आठपुढे स्वतःचं, आणि यादी माझ्या हातात दिली. ती पिशवीत वाकली आणि थर्मास काढून झाकण फिरवू लागली.

"चहा घे," ती म्हणाली.

थर्मास दुपारीच संपला होता. क्लिफने कप पुढे धरला.