बावीस मिनिटे

मी एक जुने, चावीचे बुद्धिबळाचे घड्याळ आहे. मित्रांनो, नीट बसा. चुळबुळ करण्याचे काम माझे आहे, तुमचे नाही. तोंडवलीच्या साल्वादोरने बोटीवर नोकरीला असताना मला परमुलखातून आणले. त्याचा मुलगा डेन्झिल मास्तर. त्याने माझ्या टिकटिकीवर शाळेतली पोरे घडवली. डेन्झिलचा मुलगा सिडनी. त्याने मात्र मला कपाटात टाकले आणि माझ्याखाली विजेची बिले दाबून ठेवली. या सिडनीची मुलगी ग्लेनिशा, वय वर्षे चौदा.

तिनेच मला बाहेर काढले, खाऱ्या हवेचा गंज पुसला, शिलाई मशीनचे तेल घातले. मला दोन तबकड्या आहेत. चाल करून खेळाडू कळ दाबतो, तेव्हा त्याची तबकडी थांबते आणि समोरच्याची धावू लागते. वेळ संपला की त्या तबकडीवरची लाल झेंडी पडते आणि डाव जातो. यात मी कोणाची गय करत नाही.

मालवणात शनिवार-रविवारची स्पर्धा होती. मंडळाकडे घड्याळे कमी पडली, म्हणून मला रात्रभर तिथल्या टेबलावरच ठेवले होते. रविवारी नऊला शेवटची फेरी होती. आमच्या पटावर जी जिंकेल, ती जिल्ह्याच्या संघात जाणार होती. धामापूरची आकांक्षा येऊन बसली. समोरची खुर्ची रिकामी. ग्लेनिशा चर्चमध्ये गायनवृंदात उभी होती, आणि मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, अर्ध्यावर टाकून निघण्याची त्या घरात रीत नव्हती. अर्ध्या तासात ती आली नाही, तर खेळण्याआधीच हरणार होती.

पहिली चाल आकांक्षाची होती. पंच निलेश सरांनी तिची तबकडी सुरू केली. एक प्यादे सरकवून तिने मला दाबले असते, तर ग्लेनिशाचा वेळ जाऊ लागला असता. पण तिने हात मांडीवर ठेवले.

"चाल कर," सर म्हणाले. "तुझाच वेळ जातोय."

"जाऊंदे."

"ग्लेनिशाक घाबरलंस काय गो?" शेजारच्या पटावरून ओंकारने चिडवले.

"तू तुझो घोडो सांभाळ रे. केव्हाचो मराक टेकलो आसा."

मग ती सरांना हळूच म्हणाली, "गेल्या वर्षी आमच्याकडे देवीपुढे गाऱ्हाणा चालू होता. संपल्याशिवाय माका उठाक गावला नाय. तेव्हा ग्लेनिशा माझ्यासाठी बावीस मिनिटां अशीच बसान रवली, आणि शेवटाक तिची झेंडी पडली. आज मी तितकीच बसतलंय."

तेव्हाही मोजले मीच होते. आकडा खरा आहे.

दहा मिनिटे झाली. पंधरा झाली. आकांक्षाची टाच जमिनीवर माझ्यापेक्षा जलद वाजू लागली. दारात सावली पडली की माझी कमान आतून ताठ होई. पण येई तो चहावाला. विसावे मिनिट सरले. बावीस भरताच आकांक्षाने प्यादे दोन घरे पुढे टाकले आणि मला जोराने दाबले. त्यापुढे एक क्षणही नाही. ग्लेनिशाची तबकडी धावू लागली, आणि तीन मिनिटांनी ती धापा टाकत आत आली. माझ्या तबकड्या पाहून तिला सारे कळले.

"असा कित्याक केलंस गो?"

"बस आणि खेळ. आता मी सोडूचंय नाय."

तिने सोडलेही नाही. तासाभराने ग्लेनिशाचा राजा कोपऱ्यात कोंडला होता, मात दोन चालींवर होती, आणि आकांक्षाची झेंडी काट्याच्या टोकाला लोंबत होती. मित्रांनो, क्षणभर थांबावे असे मलाही वाटले. पण जपणाऱ्या हाताशी खोटे वागेन, तर मी कपाटातच बरे. तुम्ही जुन्या वस्तूंना तेल घाला, वेळेवर चावी द्या. त्या तुम्हाला खरे तेच सांगतील.

झेंडी पडली.

ती पडल्याचे समोरच्या खेळाडूने सांगावे लागते. तोवर पंच बोलत नाहीत. ग्लेनिशाने हात मांडीवर ठेवले.

"सांग सरांक," आकांक्षा म्हणाली.

"माका नको असा जिंकूक."

"गेल्या वर्षी मी सांगलंय ना? सांग गो. नायतर तुझा रीण माझ्या डोक्यार तसाच रवतला."

ग्लेनिशाने हात वर केला. "सर, झेंडी."

आकांक्षाने निकालाच्या कागदावर सही केली, हात पुढे केला आणि म्हणाली, "फिटला."