इतरबाईंच्या सँडलचा पट्टा

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. वाचनालयाच्या दारावर जी यादी लावली आहे, तिच्यात चारशे बारा क्रमांकाच्या डीव्हीडीसमोर तुमच्या सहीनिशी लिहिलंय, "तीन वर्षांत मागणी शून्य. रद्दीत काढणे." हे शून्य तुम्ही कुठून आणलंत ते मला आता कळलंय. त्यात माझाही हात आहे, तेही मी पुढे कबूल करणार आहे. पण खोटं ते खोटंच.

मी कोण, ते आधी सांगते. तुमच्या दारातून रस्ता ओलांडला की डाव्या हाताला बूट दुरुस्तीचं दुकान लागतं, ते माझं. आधी बाबांचं होतं. दुकानात एक बाक आहे, लोखंडी फर्मा आहे, आरी, रापी, टाचांचे डबे आणि खिडकी. खिडकीतून तुम्ही रोज दिसता. तुमच्या डाव्या बुटाची टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली आहे. त्यावर नंतर बोलू.

टाच चिकटवायची तर सोल्यूशन लावून दहा मिनिटं थांबावं लागतं. गिऱ्हाईक बाकावर बसतं, एका पायात बूट, दुसरा पाय वर्तमानपत्रावर. असं माणूस उठून जाऊ शकत नाही. ती दहा मिनिटं माझी. तेवढ्यात मी त्याला एक सिनेमा सांगते, आणि त्यातली एक बाई.

नायिका नाही. नायिकेला सांगायला पोस्टरं आहेत.

सिनेमांची नावं माझ्या डोक्यात राहत नाहीत. मी ती पायांवरून लक्षात ठेवते. बाबांनीच लावलेली सवय. ते म्हणायचे, "चेहऱ्याला कुणीही शिकवतं गं. पाय बघ." तेव्हापासून मी सिनेमा खालून वर बघते. 'मोठ्या बुटांचा' म्हणून एक आहे, त्यात नायिकेची मैत्रीण झालेली मुलगी बघा. भावाचे बूट घालून ती मुलाखतीला जाते, दोन मापं मोठे. त्या अख्ख्या प्रसंगात ती बोटं आत आवळून चालते. बोलते हसून, पण बोटं आवळलेली. हे तिला कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. त्याच सिनेमात नायिका उंच टाचांवर डोंगर चढून येते आणि टाचेला मातीचा कण नसतो. बक्षीस कुणाला मिळालं, सांगायला नको.

'गमबुटांचा' बघा. मासळीच्या गोदामात काम करणारी बाई, तीनच प्रसंग. श्रीमंत बहिणीच्या दारात ती गमबूट काढते, मोजा फाटलेला निघतो, तर दुसरा पाय त्याच्यावर ठेवून उभी राहते. तशीच, एका पायावर, चहा संपेपर्यंत. मी हा प्रसंग सहा वेळा बघितलाय आणि प्रत्येक वेळी माझी पोटरी दुखते.

'लाल टाचांचा' मी फक्त दातांच्या डॉक्टरांना सांगते, कारण त्यांना नाच लागतात. "नाचणाऱ्या बाईकडे बघायचं नाही," मी बजावलं. "मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी."

"मागच्या रांगेतलं बघायला मी पुढच्या रांगेचं तिकीट काढू का?" डॉक्टर म्हणाले. "मला आपला गोड शेवट असलेला सिनेमा सांगा."

"दातांचे डॉक्टर होऊन गोड मागता?"

तरी गेले बघायला. आठवड्याने विनाकारण बूट घेऊन आले. टाच धडधाकट होती. बाकावर बसले आणि म्हणाले, "ती तिसरी. ती मोजते हो. तोंडातल्या तोंडात पावलं मोजते." मग मी त्यांना चारशे बारा सांगितला. तो मी सगळ्यांना सांगत नाही, आधी माणूस तयार व्हावा लागतो.

चारशे बारा म्हणजे तुटक्या पट्ट्याचा. नायकाची मोठी बहीण, सगळं मिळून अकरा मिनिटं. घरातला आपला हिस्सा सोडून द्यायला ती वकिलाकडे येते, तीन मजले चढून. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिच्या सँडलचा पट्टा तुटतो. खरोखर तुटतो, साहेब. मी पैजेवर सांगते. मुद्दाम तोडायचा असता तर ब्लेडने अर्धा कापून ठेवला असता. हा बकलपाशी उसवलाय, टाक्यातून, आणि त्याच्या आधीच्याच प्रसंगात दोन धागे सुटलेले दिसतात. एक क्षण तिची नजर खाली जाते. त्या क्षणी ती कुणाची बहीण नसते, सँडल तुटलेली एक बाई असते. मग ती दुसरी सँडल काढते, दोन्ही काखेत मारते, अनवाणी वर जाते आणि दोन्ही सँडल वकिलाच्या टेबलावर ठेवते, कागदांवरच. मगच पेन मागते. वकील झालेला नट जो बावरतो, तो अभिनय नाही.

हा सिनेमा मी नऊ वर्षांची असताना बाबांबरोबर थेटरात बघितला. बाबा उठून उभे राहिले. "अरे, खरा तुटला," म्हणाले, मोठ्यांदा. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, खाली बसा, नाहीतर तुम्हालाही तोडतो." बाबा बसले, पण घरी येईपर्यंत तेच. "बाईने थांबवलं नाही गं काम. पट्टा तुटला तरी थांबवलं नाही."

शेवटच्या पाट्यांमध्ये कुत्रा सांभाळणाऱ्याचं नाव आहे, जेवण पुरवणाऱ्याचं आहे. तिचं नाही. ती 'आणि इतर' मध्ये. म्हणून आमच्या दुकानात तिचं नाव इतरबाई. ती कोण, पुढे तिचं काय झालं, मला माहीत नाही. मला माहीत आहेत तिची अकरा मिनिटं, आणि ती ज्या डीव्हीडीत आहेत तिची गावातली एकच प्रत तुमच्या कपाटात होती. बाजारात शोधून झालं, मिळत नाही.

आता माझी चूक.

त्या डीव्हीडीवर एक ओरखडा आहे. घरच्या यंत्रात घातली की ती नेमकी जिन्यावर अडकते, दुसऱ्या मजल्याच्या आधी. इतरबाई एक पाय उचलून उभ्या राहतात त्या राहतातच. पण तुमच्या बघण्याच्या खोलीतलं जुनं यंत्र तो ओरखडा गिळून पुढे जातं. म्हणून मी चार वर्षं प्रत्येकाला सांगत आले, "घरी नेऊ नका. तिथेच बसून बघा." विसरू नये म्हणून बुटाच्या तळावर खडूने ४१२ लिहूनही द्यायची. टाच आणि पंजा यांच्यामधला भाग जमिनीला टेकत नाही. तिथे लिहिलेलं पुसत नाही, आम्ही गिऱ्हाइकाचा नंबरही तिथेच घालतो.

तुमच्या काउंटरवर माझी नणंद बसते, हे तुम्हाला माहीत असेलच. वर्षानुवर्षं तिच्यासमोर माणसं येतात, एका पायावर उभी राहतात, दुसरा उचलून तळ बघतात आणि म्हणतात, "चारशे बारा." ती न हसता हेडफोन देते.

यादी लागली त्या दुपारी ती डबा न उघडताच दुकानात आली.

"वहिनी, तुझ्या बाईला रद्दीत काढली."

"काहीतरीच काय वन्सं. दर आठवड्याला कुणी ना कुणी बघतंय तिला."

"बघतंय. नेत नाही ना. घरी नेली तर आतल्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का पडतो. बसून बघितली तर काही पडत नाही. तीन वर्षांची चिठ्ठी कोरी आहे, साहेबांनी तेवढीच बघितली."

"मग तुम्ही आधी बोलला का नाहीत?"

"तू 'नेऊ नका' म्हणून गावाला शपथ घातलीस, मी काय बोलू? शिवाय मला नियम आजच कळला. आम्हालाही दारावरूनच कळतं."

माझ्या हातातली आरी बोटात गेली. म्हणजे तिला जपता जपता मीच तिची चिठ्ठी कोरी ठेवली होती. नणंदेने माझ्या बोटाला फडकं बांधलं आणि म्हणाली, "रडू नकोस, रंग लागेल पॉलिशला." मग आम्ही दोघी हसलो, आणि मग तुमच्याकडे आलो.

तुमच्या खोलीत काय झालं ते तुम्ही विसरला असाल, मी नाही. मी म्हटलं, हेडफोनची वही काढा. हेडफोन घेताना सही करावी लागते, आणि नणंद खुर्चीच्या नंबराशेजारी डीव्हीडीचा नंबरही लिहिते. तीन वर्षांत चारशे बारा हा आकडा एकशे शहाऐंशी वेळा आलाय, मी बोट ठेवून मोजलंय. तुम्ही वही उघडलीही नाहीत. म्हणालात, "बाई, ही हेडफोनची मागणी आहे. सिनेमाची नाही."

माणसं तुमच्याकडे हेडफोन बघायला येतात का हो, साहेब?

"मागणी म्हणजे शिक्का," तुम्ही म्हणालात. ठीक. मग शिक्का तर शिक्का.

शुक्रवारपासून मी तळांवर खडूने नवीन मजकूर लिहायला लागले. "४१२. शनिवारी. घरी न्या म्हणा, लगेच परत करा." लांब बुटांवर मावलं, लहान मुलींच्या बुटांवर नुसतं "४१२ शनि" लिहिलं, त्यामुळे दोन आया पत्रिकेत काही बिघडलंय की काय म्हणून घाबरून विचारायला आल्या. शनिवारी सकाळी तुमच्या काउंटरपासून जिन्यापर्यंत रांग होती. बसचे ड्रायव्हर आले, गणिताच्या बाई आल्या, दातांचे डॉक्टर एका रुग्णाला तोंड उघडं ठेवायला सांगून आले असं म्हणत होते, खरंखोटं त्यांनाच माहीत. प्रत्येकाने नाव सांगायचं, डीव्हीडी हातात घ्यायची, एक पाऊल मागे जायचं, एक पाऊल पुढे यायचं, परत द्यायची. नणंदेचा हात शिवणयंत्रासारखा चालला होता. चिठ्ठीवरची चोवीस घरं तासाभरात भरली. तिने खाली दुसरी चिठ्ठी चिकटवली, माझ्याच दुकानातल्या सोल्यूशनने.

तुम्ही बाहेर आलात. "हा काय तमाशा आहे?"

"मागणी," डॉक्टर म्हणाले.

तुम्ही चिठ्ठी घेतलीत, बघितलीत, चष्मा काढलात, पुन्हा बघितलीत. मग म्हणालात, "एका दिवसाचे सगळे शिक्के मिळून एकच धरला जाईल."

"हा नियम कुठे लिहिलाय?" गणिताच्या बाईंनी विचारलं.

"लिहिला जाईल."

म्हणजे नियम तिथेच, आमच्या डोळ्यांसमोर जन्माला आला. नाळही कापली नव्हती. तरी बाईंनी तुमचं ऐकलं आणि शांतपणे म्हणाल्या, "चालेल. एकच धरा. एक म्हणजे शून्य नाही."

तुम्ही चिठ्ठी काउंटरवर ठेवलीत. शेवटी इतकंच म्हणालात, "यादीवर सही झालेली आहे. शुक्रवारी ट्रक येईल," आणि आत गेलात. तेव्हा मी तुमची टाच नीट बघितली. आतला खिळा वर आलाय. चालताना तुम्ही तो टाळता, म्हणून झुकून चालता. मला जरा वाईटही वाटलं. जरा.

रांगेत मी सगळ्यांच्या शेवटी उभी होते. माझा नंबर आला तेव्हा नणंदेने माझ्या नावाने शिक्का मारला आणि डीव्हीडी माझ्या हातात ठेवली. मी मागे पाऊल घेतलं. पुढे घेतलं नाही.

"वहिनी, परत?" तिने विचारलं.

"मुदत किती असते वन्सं?"

तिचा चेहरा हळूहळू उजळला. सिनेमातल्या बायकांचा असा उजळवायला चार दिवे लागतात. "दहा दिवस," ती म्हणाली. "आणि नियम म्हणजे नियम."

आज बुधवार. चारशे बारा माझ्या दुकानात आहे, काळ्या आणि तपकिरी पॉलिशच्या डब्यांच्या मधे, मऊ फडक्यात. मी चोरलेली नाही, तुमचाच शिक्का आहे तिच्यावर. शुक्रवारी ट्रक येईल आणि बाकीचं घेऊन जाईल. त्यातही कुणाकुणाच्या मागच्या रांगेतल्या बायका असतील, त्यांच्यासमोर मला लाज वाटते, पण माझे हात दोनच आहेत. इतरबाई त्या ट्रकमध्ये नसतील. मुदत पुढच्या मंगळवारी संपते. त्या दिवशी सकाळी दहाला मी ती परत करायला येणार, कारण मी नियम पाळते.

तेव्हा आधी लेखी उत्तर द्या. हेडफोनची वही उघडून, एकशे शहाऐंशी सह्या मोजून द्या. नसेल जमत तर टाच घेऊन दुकानात या, सोल्यूशन वाळेपर्यंत दहा मिनिटं बसावं लागेल, तेवढ्यात मी वही समोर धरते. मंगळवारी मी डीव्हीडी काउंटरवर ठेवली की माझी नणंद ती उचलून कुठे ठेवणार, साहेब? कपाटात की पोत्यात?