भरल्या गाडीचं माप

कान्हूची गाडी उंच होती, यात वाद नव्हता. साध्या पिकअपशेजारी उभी केली तर ही चांगली वीतभर वर. टायर एवढे की आत चढताना सगुणाला साडी सावरत आधी गुडघा टाकावा लागे. गावातल्या पोरांनी तिचं नाव 'उंट' ठेवलं होतं आणि कान्हूला ते आवडायचंही. पण उंच असून काय उपयोग? भरून खांडीत उतरली की मागून धाडकन आवाज यायचा, टायर मडगार्डला घासायचे आणि जळक्या रबराचा वास केबिनपर्यंत यायचा.

खांड म्हणजे खाडीचं पाणी अडवणारा खारबांध फुटला होता ती जागा. दोन वर्षांमागच्या उधाणाने बांध तोडला, मग गावाने दगड टाकून तो बुजवला, पण बुजवला तो नावापुरता. मिठाची रास बांधाच्या त्या टोकाला, डांबरी रस्ता ह्या टोकाला आणि मधे हा खड्डा. व्यापाऱ्याचा ट्रक डांबर सोडून तसूभर पुढे यायचा नाही. मग मीठ रस्त्यापर्यंत आणायचं कोणी? सव्वीस वर्षं सगुणाने आणलं होतं, डोक्यावरून, पाटी पाटी करून.

आता तिची मान गेली होती. पेणच्या डॉक्टरने फोटो उजेडात धरून स्पष्टच सांगितलं, "बाई, अजून एक हंगाम डोक्यावर ओझं घेतलंत तर उजवा हात कायमचा जाईल." तो आत्ताच अर्धा गेला होता. बोटांना सदा मुंग्या. चहाचे दोन ग्लास हातातून पडून फुटले, ते तिने मांजराच्या नावावर खपवले होते.

कान्हूने गाडी आणली ती यासाठीच. तो आजवर नागोठण्याला कंपनीत शिफ्टा करत राहिला आणि मिठागर बायकोच्या डोक्यावर चाललं, हे त्याला उशिरा का होईना, पण फार लागलं होतं. "आता पाटीला हात लावायचा नाय गो," त्याने बजावलं होतं. सगुणा हसली. पण खुंटीवरची चुंबळ काही तिने काढून टाकली नाही. चुंबळ म्हणजे काय, तर जुन्या साडीचं पीळ देऊन केलेलं वेटोळं, डोकं आणि पाटी यांच्यामधे ठेवायचं. गाडी खांड ओलांडू लागली तर ठीक, नाहीतर रास काही पावसाच्या घशात घालायची नव्हती. हात गेला तर गेला, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. बाई हट्टी, दुसरं काय!

आगोटीला, म्हणजे पाऊस लागायला, बारा दिवस उरले आणि गाडीचा मागचा शॉकअप तुटला. रामवाडीच्या मेकॅनिकने खाली वाकून बघितलं आणि हात झटकले. "ज्याने ही उचलून उंच केली ना, त्याच्याकडंच न्या," म्हणाला. उचलली होती रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमी गावात, गोविंदा मिस्त्रीने, आधीच्या मालकासाठी. नवराबायको तिकडे गेली.

गोविंदा आतल्या, भातशेतीच्या गावचा, हाताने पक्का आणि तोंडाने फटकळ. गाडीखाली शिरला तोच ओरडत. "मी उचलली तवा टायर लहान होते! हे राक्षस कोणी घातले?"

"मीच," कान्हू म्हणाला. "बरे दिसतात."

"दिसतात! आणि स्टॉपर रबर जुनंच ठेवलंस. शाबास!"

मग त्याने सगुणाला बोलावून दाखवलं, कारण नवरा ऐकण्यातला नाही हे त्याने ओळखलं होतं. चेसिसच्या खाली, एक्सलच्या म्हणजे चाकांच्या आडव्या दांड्याच्या बरोबर वर, रबराचा एक ठोकळा होता. गाडी खड्ड्यात आपटली की एक्सल वर येतो. तो आधी या रबराला भिडला पाहिजे, म्हणजे टायर मडगार्डला भिडत नाही आणि शॉकअपही तुटत नाही. टायर वाढले की रबरही उंच हवं.

"म्हणजे गाडीची चुंबळच की," सगुणा म्हणाली.

"व्हय वयनी, अगदी तसंच!" गोविंदा खूश झाला.

त्याने फळीवर दोन रबरं मांडली. एक उंच आणि कडक. दुसरं जरा बुटकं, टोकाला निमुळतं आणि नरम. "खरं सांगू? हे नरम घाल," तो म्हणाला. "पण हे बुटकं, म्हणून मडगार्ड दोन बोटं कापायला लागेल."

"गाडीला कात्री लावायची नाय," कान्हू ताडकन म्हणाला. मागच्याच महिन्यात त्याने निळा रंग मारून घेतला होता. "ते उंच घाल. उंच म्हणजे बरंच."

"मग वजन टाकून बघायला लागेल. भरतोस किती?"

"पंचवीस पोती."

"मी अंदाजपंचे काम करत नाय," असं म्हणत गोविंदाने शेजारच्या भाताच्या गिरणीतून पंचवीस पोती मागवली. सगुणा बाकड्यावर चहा पीत बसली होती, ग्लास डाव्या हातात धरून. एकच हमाल पाठीवर पोतं घ्यायचा आणि फळीवरून तुरुतुरु चढायचा. कसा सहज नेतोय मेला, असं तिच्या मनात आलं, पण पुढे काही सुचलं नाही. गोविंदाने खाली जाऊन रबर आणि एक्सल यांच्यामधे बोटं घातली. चार बोटं जागा. "झ्याक!" तो म्हणाला. कडक रबर बसलं, नवा शॉकअप चढला आणि कान्हू शीळ घालत घरी आला.

दुसऱ्या दिवशी मिठाची पंचवीस पोती भरून गाडी निघाली. बांध सपाट होता तरी एकेक ढेकूळ कळत होतं. आणि खांडीत उतरली तेव्हा जो दणका बसला, बाई गं! टायर घासले नाहीत खरे, पण बुडाखालून निघालेली कळ सगुणाच्या मानेत गेली आणि उजवा हात लाकूड झाला. मागे एक पोतं फुटलं. खांडीतून वर येऊन कान्हूने गाडी थांबवली आणि गोविंदाच्या सात पिढ्या उद्धरायला सुरुवात केली.

सगुणा हात दाबत बांधावर बसली. तिला रडू आलं ते दुखण्याने नव्हे. ती चुंबळ पुन्हा डोक्यावर येणार, एवढंच तिला दिसत होतं आणि तिला भीती वाटत होती. तेवढ्यात फुटकं पोतं उतरवायला कान्हू आणि शेजारचा बाबाजी असे दोघे लागले. दोघांचीही कंबर वाकली.

"अवो," ती एकदम म्हणाली, "तिकडं एकटा हमाल नेत होता."

"कुठं?"

"अष्टमीला! त्याच्या पोत्यात भात होतं. आपल्या पोत्यात मीठ हाय!"

कान्हूने पोत्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. पोतं तेच, पण मिठाचं वजन भाताच्या जवळजवळ दुप्पट. जन्म मिठात गेलेल्याला पोतं म्हणजे मीठच, आणि भातवाल्याला पोतं म्हणजे भातच. विचारणार कोण?

"ते पोतं शिवून परत चढवा, गाडी खाली करू नका," सगुणा म्हणाली. "अशीच भरलेली न्या त्याच्याकडं."

बांधाचं डांबराकडचं टोक जवळच होतं. तिथून कान्हू गोगलगाईसारखा रोह्याला निघाला. सगुणा एसटीने गेली आणि त्याच्या आधी पोचली.

गोविंदा गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. रबर आणि एक्सल यांच्यामधे कागदसुद्धा जात नव्हता. गाडी उभ्याउभ्याच रबरावर बसली होती. "तीस वर्षं पोती मोजतोय मी," तो बाहेर येऊन म्हणाला, "आणि आत काय हाय ते विचारलं नाय. चूक माजी, वयनी."

"चुंबळ कोण रिकाम्या डोक्यावर बघतं का?" सगुणा म्हणाली. तिचा रागही होता त्यात. "भरली पाटी वर आली की मगच कळतं. जाड झाली तर पाटी डुलते, कडक झाली तर कवटीत रुतते. नरमच लागते, आणि पाटीही झेपेल एवढीच."

गोविंदाने ते निमुळतं रबर फळीवरून उचललं. "मग हे. आणि पोती अठरा, एकोणिसावं नाय. पण मडगार्ड कापल्याशिवाय जमायचं नाय, ते मी आधीच बोललो होतो."

कान्हू आपल्या निळ्या गाडीकडे बघत राहिला. अठरा पोती म्हणजे खेपा वाढणार, वर ही कापाकापी. तो नाही म्हणणार हे सगुणाला त्याच्या पाठीवरूनच कळलं. गिरणीवाल्याने चहा पाठवला होता. चुकून तिने ग्लास उजव्या हाताने घेतला आणि तो तिच्या बोटांतून निसटून फरशीवर फुटला.

कान्हू वळला. काचा बघितल्या, तिचा हात बघितला.

"सगुणा," तो हळू म्हणाला, "घरात ते ग्लास मांजराने नव्हते पाडले ना गो?"

तिने मान खाली घातली. कान्हूचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला तो गोविंदावर खेकसला, "बघत काय बसलास रे मिस्त्री? आण ना ग्राइंडर! दोन नाय, तीन बोटं काप!"

संध्याकाळपर्यंत काम झालं. गाडीत तेच मीठ ठेवून, अठरा पोत्यांवर, एक चाक लाकडी ठोकळ्यावर चढवून गोविंदाने पुन्हा पुन्हा माप घेतलं. उरलेली सात पोती त्याने स्वतःच्या ओट्यावर रचून ठेवली आणि मी ती उद्या आणून देतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रास उन्हात चमकत होती. अठरा पोती भरली. सगुणा केबिनमधे बसली, चुंबळ मांडीवर घेऊन. कान्हूने ती बघितली आणि गाडी काढली. खांडीच्या अलीकडे त्याने गाडी थांबवली. "उतर. चालत ये तेवढं."

"नाय उतरत. चला."

"अगो, मान..."

"चला म्हणते ना!"

गाडी खांडीत उतरली. सगुणाने डोळे मिटून घेतले आणि चुंबळ घट्ट धरली. मागची बाजू खाली गेली, खाली गेली, मऊ काहीतरी मधे आलं आणि गाडी परत वर आली. दणका नाही की वास नाही. डोळे उघडले तर पुढे डांबर होतं आणि बोटांना रोजच्या मुंग्या, त्याहून जास्त काही नाही.

काचेवर मिठाची धूळ बसली होती. सगुणाने चुंबळीचा पीळ सोडला. सव्वीस वर्षांचं वेटोळं उलगडून साधं जुनेर झालं. डाव्या हाताने तिने त्याच जुनेराने काच पुसायला घेतली.

"अगो, ती चुंबळ ना?" कान्हू म्हणाला.

"फडकं हाय," ती म्हणाली. "मीठ उतरवा आणि गाडी फिरवा. अजून बऱ्याच खेपा हायत."